अशिलाची माहिती ऑफिसबाहेर जाऊ नये म्हणून वकिलाच्या ऑफिसात काय काय करायचं

दहा-अकरा वर्षं झाली असतील. एका बाईंच्या पोटगीचा अर्ज मी कोर्टासमोरच्या एका दुकानात टाईप करून घेतला, कारण माझ्या ऑफिसात तेव्हा प्रिंटर बंद पडला होता. अर्ज दाखल व्हायचा होता सोमवारी, आणि शनिवारीच समोरच्या बाजूचे वकील मला बार रूममध्ये विचारायला लागले की मॅडम, अर्जात तुम्ही त्या दुसऱ्या बाईचं नाव घालताय म्हणे. मी हादरलेच. नंतर कळलं की फाईल त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉपवरच पडून होती, अशिलाच्या पूर्ण नावानं सेव्ह केलेली, आणि नवऱ्याचा एक मित्र त्याच खुर्चीवर बसून भाडेकरार टाईप करून घेत होता. त्या बाईंना त्याचा घरी काय त्रास झाला ते मी इथे लिहिणार नाही, पण तेव्हापासून ऑफिसात कागद कसा येतो, कुठे फिरतो आणि कुठे संपतो याच्याकडे मी फार बारकाईनं बघायला लागले. हे सगळं तालुक्याच्या-जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत ऑफिस चालवणाऱ्या, एक-दोन ज्युनियर आणि एक कारकून असलेल्या वकिलांसाठी लिहिते आहे. मोठ्या फर्ममध्ये यासाठी वेगळा आयटी विभाग असतो, आपल्याकडे आपणच.

आधी कायद्याचं थोडक्यात

वकिलाला अशिलानं सांगितलेली गोष्ट गुप्त, हे आपण कॉलेजात एव्हिडन्स ॲक्टच्या कलम १२६ मध्ये शिकलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि ते आता कलम १३२ मध्ये आहे. अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय सांगायचं नाही, आणि काम संपल्यावरही हे बंधन संपत नाही. त्यात एक गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे हे बंधन वकिलाच्या कारकुनाला, नोकराला आणि दुभाष्यालाही तितकंच आहे. अपवादही तिथेच लिहिलेत, बेकायदा हेतूसाठी सांगितलेलं काही असेल किंवा वकीलपत्र घेतल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक झाल्याचं तुमच्या नजरेस आलं असेल तर संरक्षण नाही. बार कौन्सिलच्या नियमांतला १७ वा नियमही हेच बंधन सांगतो, २४ वा नियम सांगतो की अशिलानं टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घ्यायचा नाही, आणि मोडलं तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची कारवाई, अगदी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाण्यापर्यंत.

आता त्यात भर पडली आहे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षानं, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. बरेच वकीलमित्र म्हणतात की आपल्याला कलम १७ ची सूट आहे, कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरली तर कायदा लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. संमती, नोटीस वगैरे बऱ्याच गोष्टींतून सूट आहे, पण कलम ८(५), म्हणजे माहितीची वाजवी सुरक्षा ठेवायची जबाबदारी, त्या सुटीतून मुद्दाम बाहेर ठेवली आहे. त्या एका जबाबदारीत चुकलं तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, तो काही आपल्यासारख्याला लागणार नाही म्हणा, पण ८(५) मध्ये तुमच्या वतीनं काम करणारा माणूसही येतो, म्हणजे तुम्ही ज्याला स्कॅनिंग दिलं, ज्याच्या सर्व्हरवर तुमचं केस मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर चालतं, त्याच्याकडून गळलं तरी उत्तर तुम्हीच द्यायचं. आणि खरेदीखत, भाडेकरार, टायटल सर्च (मालमत्तेची मालकी तपासणं) ही कामं ‘हक्क बजावणं’ यात बसतात असं मला तरी वाटत नाही, तिथे पूर्ण कायदा लागेल असं धरूनच चाला.

पहिली भेट

माणूस येऊन खुर्चीत बसला की आपण म्हणतो सांगा काय झालं, आणि तो सगळं सांगून टाकतो. असं करू नका. आधी फक्त दोन गोष्टी विचारा, तुमचं नाव काय आणि भांडण कुणाशी आहे. समोरच्याचं नाव डायरीत आणि कॉम्प्युटरमध्ये शोधा, ज्युनियरला विचारा, मग पुढे बोला. वाटपाच्या दाव्यात तर हे फारच गरजेचं आहे, कारण तीन भावांतला थोरला गेल्या वर्षी तुमच्याकडे सल्ला घेऊन गेलेला असतो आणि आज धाकटा आलेला असतो, आडनाव एकच असतं पण आपल्या लक्षात राहत नाही. ज्याला एकदा सल्ला दिला त्याच्या विरोधात त्याच प्रकरणात उभं राहता येत नाही, बार कौन्सिलचा ३३ वा नियम आहे. आणि धाकट्याचं सगळं ऐकून घेतल्यावर हे लक्षात आलं तर तुमच्याकडे दोघांचीही गुपितं झाली.

दुसरं, सोबत आलेल्यांना बाहेर बसवा. आपल्याकडे अशील एकटा येतच नाही, सोबत मेव्हणा, गावातला कोणीतरी जाणकार, पतपेढीचा संचालक, असे चार जण असतात आणि बोलतात तेच. त्यांना चहा द्या, मान द्या, पण निदान पंधरा मिनिटं अशिलाला एकट्याला भेटा. बाईमाणूस भावाबरोबर किंवा वडिलांबरोबर आली असेल तर नक्कीच. मी असं सांगते की, दादा, कायद्यानं मला त्यांच्याशी एकट्याशी बोलावं लागतं, म्हणजे कुणाला राग येत नाही. त्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते बहुतेक वेळा भावासमोर सांगितलेल्यापेक्षा वेगळं असतं. भावाला बहिणीच्या लग्नातलं सगळं माहीत असतं असं नाही.

तिसरी गोष्ट फोन नंबरची, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण कुणी शिकवतच नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या आणि घटस्फोटाच्या कामात अशिलाचा नंबर लिहून घेताना एवढं विचारायचंच:

- हा फोन दिवसभर तुमच्याच हातात असतो का, सिम कुणाच्या नावावर आहे, पासवर्ड अजून कुणाला माहीत आहे
- मी फोन कधी केलेला चालेल, कधी करायचा नाही
- मेसेज टाकला तर चालेल का, माझं नाव काय म्हणून सेव्ह करणार
- फोन लागला नाही तर कुणाकडे निरोप द्यायचा आणि कुणाकडे अजिबात द्यायचा नाही

हे सगळं फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे ज्युनियरनं तारीख कळवायला रात्री नऊला फोन लावला आणि नवऱ्यानं उचलला असं होणार नाही. त्याच वेळी अशील बाईंना त्यांचा फोन हातात घेऊन व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडायला सांगा. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तिचं व्हॉट्सॲप महिनोन्महिने चालू असतं आणि तिला पत्ताही नसतो, हे मी माझ्याच ऑफिसात तीन वेळा पाहिलंय. मुलांच्या टॅबवर तिचंच गुगल अकाउंट असतं, म्हणजे तिनं काढलेले फोटो तिकडे दिसतात. पण हे बंद करायच्या आधी थोडं थांबून तिला विचारा, कारण एकदम लॉगआऊट झालं की समोरच्याला कळतं, आणि ती अजून त्याच घरात राहत असेल तर त्याचा राग तिच्यावर निघेल. अशा वेळी तिला सुरक्षित असा दुसरा फोन किंवा माहेरचा नंबर ठरवून मगच पुढे जायचं.

कागद घेताना

लागेल तेवढंच घ्या. सवयीनं आपण सांगतो, आधार, पॅन, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळं घेऊन या, झेरॉक्स काढून ठेवू. कशाला? मनाई हुकमाच्या दाव्याला पासबुक लागत नाही. आधार ओळखीसाठीच हवं असेल तर मास्क्ड आधार घ्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून डाऊनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यामुळे ‘पासवर्ड आहे ना’ म्हणून ती फाईल कुठेही पाठवू नका.

झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक दाव्यातील वकीलपत्रासाठी’ असं लिहून तारीख टाका आणि अशिलाची सही घ्या. जामीनदाराच्या कागदांवर तर हे न चुकता करा. जामीनदार हा आपला अशील नसतो म्हणून त्याच्या आधार-सातबाऱ्याच्या झेरॉक्स टेबलावर पडून राहतात, आणि दुसऱ्याच्या कागदांवर भलत्याच आरोपीला जामीन उभा केल्याचे प्रकार कोर्टात ऐकायला मिळतात ते अशाच कागदांतून.

मूळ कागद शक्यतो ठेवून घेऊ नका. ठेवावेच लागले तर पोच द्या, दोन प्रतीत, कोणता दस्त, किती पानं, कुठल्या तारखेला. जुनं खरेदीखत वकिलाकडून हरवलं म्हणून आयुष्यभर तोंड न बघणारे अशील आहेत.

आणि घटस्फोट-पोटगीच्या फाईलला वेगळं कपाट द्या, कुलूपवालं. सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितल्यापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, म्हणजे पगार, बँकखाती, कर्ज, दागिने, गुंतवणूक, मुलांच्या शाळेची फी, आजारपणाचा खर्च, सगळं एका ठिकाणी. घरात चोरी करायची असेल तर यापेक्षा चांगली यादी चोराला मिळणार नाही.

टेबल, टायपिंग, झेरॉक्स, रद्दी

आपल्या ऑफिसातली माहिती कुणी हॅकर येऊन नेत नाही, ती टेबलावरून जाते. फाईलच्या कव्हरवर मोठ्या मार्करनं दोघांची पूर्ण नावं लिहिलेली असतात आणि पुढचा अशील समोर बसून ती वाचत असतो. कव्हरवर फक्त प्रकरणाचा नंबर आणि वर्ष लिहा, नावं आतल्या पानावर. एक अशील उठला की त्याची फाईल टेबलावरून उचलून मगच दुसऱ्याला आत बोलवायचं, एवढी एक सवय लावून घेतली तरी निम्मं काम झालं. भिंतीवरच्या फळ्यावर उद्याचा बोर्ड, म्हणजे उद्याच्या प्रकरणांची यादी, नावानिशी लिहायची पद्धत असेल तर तो फळा अशील बसतात त्या खोलीतून हलवा.

टायपिंग ऑफिसातच करा. साधा लेझर प्रिंटर घ्या, वर्षभरात पैसे वसूल होतात. बाहेर करावंच लागलं तर स्वतः किंवा ज्युनियरनं शेजारी उभं राहायचं, फाईल पेनड्राईव्हवरून उघडायची आणि पेनड्राईव्हवरच सेव्ह करायची, काम झालं की डाऊनलोड्स, डेस्कटॉप आणि रिसायकल बिन तिन्ही बघायचे, वर्डमधल्या अलीकडच्या फाईलींच्या यादीतून नाव काढायचं. झेरॉक्सवाले सांगतात ‘या नंबरवर व्हॉट्सॲप करा, प्रिंट देतो’, ते अजिबात करायचं नाही, कारण ती पीडीएफ त्याच्या फोनमध्ये, त्याच्या कॉम्प्युटरवर आणि त्याच्या बॅकअपमध्ये कायमची राहते. मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्येही हार्डडिस्क असते आणि कॉपी केलेली पानं त्यात राहू शकतात, त्यामुळे ऑफिसचं जुनं मशीन विकताना ती डिस्क पुसून घ्या नाहीतर काढूनच घ्या.

रद्दीबद्दल एवढंच की चुकलेला ड्राफ्ट फाडून दोन तुकडे करणं म्हणजे नष्ट करणं नव्हे. श्रेडर घ्या. माझ्या कारकुनाला मी सांगून ठेवलंय की ऑफिसातून रद्दीवाल्याकडे फक्त वर्तमानपत्रं जातील, टाईप केलेला एकही कागद जाणार नाही, कोरी पाठ असलेलाही नाही. मुलांना कच्च्या कामाला म्हणून एका बाजूला कोरे कागद घरी नेतात ना, तेही बंद.

व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲपशिवाय आता वकिली चालतच नाही हे मला मान्य आहे, त्यामुळे वापरू नका असं सांगणार नाही. ऑफिसचा वेगळा नंबर ठेवा, घरचे ग्रुप आणि अशील एका फोनमध्ये नकोत, कारण चुकीच्या चॅटमध्ये फोटो जायला एक सेकंद लागतो. सेटिंगमध्ये जाऊन फोटो आपोआप गॅलरीत यायचं बंद करा, नाहीतर वैद्यकीय तपासणीचा अहवाल तुमच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी येऊन बसतो आणि तिथून गुगल फोटोजवर जातो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. ज्युनियर लोकांचा ऑफिस ग्रुप असेल तर त्यात फक्त तारखा आणि नंबर, कागदांचे फोटो नाहीत.

एक सावधगिरी मात्र उलट बाजूची. गुप्ततेच्या नादात अशिलाला ‘चॅट डिलीट करा’ असं कधीच सांगू नका, त्या चॅटच उद्या पुरावा असतात. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं त्यात आता हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा एक प्रकारचा ठसा, द्यावी लागते, मूळ फोन आणि मूळ फाईल जपून ठेवली पाहिजे. आपल्या फोनमधली कॉपी काम झाल्यावर आपण काढायची, अशिलाच्या फोनमधलं मूळ राहू द्यायचं.

कॉम्प्युटर आणि ऑनलाईन

प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी), ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन, आणि ई-फायलिंगचा (कोर्टात ऑनलाईन दाखल करण्याचा) पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको. बॅकअप दोन, त्यातला एक ऑफिसबाहेर, आणि तो नुसता घेऊन उपयोग नाही, तीन महिन्यांतून एकदा त्यातून एखादी फाईल उघडून बघायची. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसनं डीएलए पायपर या जगातल्या अतिशय मोठ्या लॉ फर्मचे फोन आणि ईमेल बंद पाडले होते, तेव्हा एकच जुनी हार्डडिस्क असलेलं आपलं ऑफिस काय टिकणार.

फुकटच्या वेबसाईट्सचं मात्र मनावर घ्या. ई-फायलिंगसाठी पीडीएफ जोडायची, छोटी करायची, फिरवायची म्हणून आपण गुगलवर पहिली येईल त्या साईटवर अख्खं प्रकरण चढवतो. हायकोर्टात जायचं म्हणून मराठी फिर्याद आणि जबाब इंग्रजीत करायला ऑनलाईन भाषांतरात टाकतो, हल्ली एआय चॅटबॉटमध्ये टाकतो. पीडितेचा जबाब नावगावासकट कुठल्या देशातल्या सर्व्हरवर गेला ते तुम्हाला सांगता येणार नाही. पीडीएफचं काम कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरनं करा, इंटरनेट लागत नाही. भाषांतर माणसाकडून करून घ्या, आणि मशीनची मदत घ्यायचीच तर आधी नावं, गावं, नंबर, तारखा सगळं काढून ‘क्ष’ ‘य’ करा.

पीडीएफमध्ये नाव लपवायला काळा चौकोन ओढतात, त्याच्याखालचं अक्षर जसंच्या तसं राहतं, सिलेक्ट करून कॉपी केलं की दिसतं. रिडॅक्शनची, म्हणजे मजकूर कायमचा पुसण्याची, खरी सोय असलेलं सॉफ्टवेअर वापरा, नसेल तर प्रिंट काढून मार्करनं खोडा आणि परत स्कॅन करा, उजेडात धरून बघा आरपार दिसत नाही ना. समोरच्या वकिलांना तडजोडीचा मसुदा वर्डमध्ये पाठवताना आधीच्या दुरुस्त्या आणि कॉमेंट्स काढल्यात का तेही बघा, ‘अशील पंधरा लाखांपर्यंत खाली येईल’ अशी ज्युनियरची कॉमेंट त्यात राहिली तर झालं.

कोर्टात दाखल करताना

एकदा कागद रेकॉर्डवर गेला की नक्कल निघते, निकाल वेबसाईटवर येतो, पक्षकाराच्या नावानं शोधला की सापडतो. म्हणून दस्तऐवज यादीसोबत काय लावतोय ते दोनदा बघा, खात्याचा उतारा हवा असेल तर त्याच महिन्यांची पानं लावा, बाकी आकडे झाका.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काही छापणं किंवा जाहीर करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २२८अ. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात हे फार स्पष्ट केलंय, नुसतं नाव नाही तर ज्यावरून ओळख पटेल असं काहीही नको. आपण काय करतो, नाव झाकतो आणि वडिलांचं नाव, वाडी, शाळा, इयत्ता तशीच ठेवतो. गावाकडे एवढ्यावर पोरगी कोण ते सगळ्यांना कळतं. पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचं) काम असेल तर माझ्या ऑफिसात ती फाईल मी स्वतः हाताळते, इंटर्नला देत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा वेगळा कायदा आहे, संमतीशिवाय सांगता येत नाही आणि कोर्टाला ओळख झाकण्याची विनंती करता येते.

वैवाहिक कामं इन-कॅमेरा, म्हणजे बाहेरच्यांना आत न घेता बंद दाराआड, चालवता येतात, हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ आहेच आणि कौटुंबिक न्यायालयात त्या न्यायालयांच्या कायद्याच्या कलम ११ खाली एका बाजूनं जरी मागितलं तरी कोर्टाला तसं करावंच लागतं. आपण मागतच नाही. मागा.

माणसं

ज्युनियर, कारकून, इंटर्न, टायपिस्ट, सगळ्यांकडून पहिल्या दिवशी एक पानाचं लेखी घ्या, मराठीत, समजेल असं, की ऑफिसातलं बाहेर बोलणार नाही आणि काम सोडल्यावरही नाही. कलम १३२ त्यांना वाचून दाखवा. नुसती सही घेतली की ती विसरली जाते. कोणी काम सोडलं की त्याच दिवशी पासवर्ड बदला, ग्रुपमधून काढा, ई-फायलिंगला त्याचा मोबाईल नंबर जोडलाय का ते बघा, ओटीपी त्याच्याकडे जात असतो आणि आपल्याला सहा महिन्यांनी कळतं.

बार रूम, कँटीन, एसटीतला फोन, याबद्दल वेगळं काय सांगू. ‘नाव न घेता सांगते’ असं म्हणून सांगितलेल्या गोष्टीतलं नाव छोट्या गावात दोन मिनिटांत कळतं.

आणि नातेवाईक. हा भाग मला सगळ्यांत अवघड वाटतो. समजा एका आजोबांनी तुमच्याकडे मृत्युपत्र केलंय. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा येतो, पेढे घेऊन, आणि सहज विचारतो की बाबा आले होते ना तुमच्याकडे, मृत्युपत्र केलं का त्यांनी? यावर ‘हो’ म्हणायचं नाही हे सगळ्यांना कळतं. पण ‘नाही’ पण म्हणायचं नाही, कारण आज खोटं नाही म्हणालात तर उद्या दुसऱ्या खऱ्या प्रश्नावर तुम्ही गप्प राहिलात की त्याचा अर्थ हो असा निघतो. ‘ते मी सांगू शकत नाही’ हेही चेहऱ्यानं सांगून जातं. म्हणून प्रत्येकाला, कुठल्याही प्रश्नाला, एकच वाक्य: माझ्याकडे कोण आलं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही, तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर तुमचंही सांगणार नाही. हे वाक्य कारकुनालाही पाठ करून घ्यायला लावा कारण खरा प्रश्न त्यालाच बाहेर गाठून विचारला जातो. फी कुणी भरली यानं फरक पडत नाही. मुलानं पैसे दिले तरी अशील आजोबाच.

पोलिसांनी विचारलं तर

अशिलाविरुद्धच्या तपासात वकिलालाच समन्स काढायचे प्रकार झाले आणि सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेऊन ३१ ऑक्टोबर २०२५ ला त्यावर निर्णय दिला. कलम १३२ च्या अपवादात बसत असेल तरच अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढायला वकिलाला बोलावता येतं, कुठला अपवाद ते समन्समध्ये लिहावं लागतं, आणि पोलीस अधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या वरिष्ठाची लेखी मंजुरी त्याला लागते. फोन-लॅपटॉपसारखं डिजिटल साधन हवं असेल तर ते कोर्टापुढेच हजर करायचं, आणि ते उघडायचं तर वकिलासमोर, त्याच्या पसंतीचा तज्ज्ञ हजर असताना, आणि बाकीच्या अशिलांची माहिती उघडी पडणार नाही अशा पद्धतीनं. कागदपत्रांना मात्र या कलमाचं सरसकट संरक्षण नाही, तीही कोर्टापुढे हजर करावी लागू शकतात, हे अशिलाला आधीच सांगून ठेवा.

तेव्हा कोणी हवालदार येऊन ‘मॅडम जरा फोन दाखवा’ म्हणाले तर नम्रपणे, लेखी द्या, एवढंच. ओळखीचे असले तरी.

गळालंच तर

लपवू नका. ज्याची माहिती गेली त्या अशिलाला त्याच दिवशी फोन करा, काय गेलं, कुणाकडे गेलं, आपण काय करतोय ते सांगा. किती वाजता कळलं, काय केलं, ते कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआऊट करा, चुकून कुणाकडे गेलं असेल तर त्याला काढून टाकायला लेखी सांगा. पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन. माझ्या त्या पोटगीच्या अर्जाच्या वेळी मी बाईंना तिसऱ्या दिवशी सांगितलं, हिंमतच होत नव्हती. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्या शनिवारीच माहेरी जाऊन राहिल्या असत्या, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

प्रकरण संपल्यावर

निकाल लागला, नक्कल मिळाली, की अशिलाला बोलवा आणि मूळ कागद परत देऊन पोच घ्या. आपल्याकडे काय राहणार ते त्याला सांगा. अपिलाची मुदत जाईपर्यंत पूर्ण फाईल ठेवा, हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते म्हणून दिवाणी दाव्यातला हुकूमनामा आणि मुख्य कागद तेवढे दिवस, बाकी आधार, पासबुक, पगाराच्या स्लिपा लगेच श्रेडरमध्ये. मी दर मे महिन्याच्या सुट्टीत दोन दिवस यासाठीच ठेवते, कपाटं उघडते, एका वहीत नंबर लिहून काय नष्ट केलं त्याची तारीख टाकते. गुगल ड्राईव्हवरून डिलीट केलं तरी तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतं, ते रिकामं करायचं. फोनमधली चॅट, ईमेलमधली जोडलेली फाईल, ज्युनियरच्या लॅपटॉपवरची कॉपी, ही ठिकाणं राहून जातात.

आणि आपलं स्वतःचं काही बरंवाईट झालं तर या फाईलींचं काय, हे बहुतेकांनी ठरवलेलं नसतं. एका ज्येष्ठ वकिलांच्या मागे त्यांची कपाटं घरच्यांनी कोर्टाच्या आवारात आणून ठेवली होती आणि ज्याला जे पाहिजे ते तो उचलून नेत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून एका विश्वासातल्या वकील मैत्रिणीला मी लेखी सांगून ठेवलंय, चालू प्रकरणांची नुसती नंबरांची यादी तिच्याकडे बंद पाकिटात असते, कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे, आणि वकीलपत्र घेतानाच प्रत्येक अशिलाकडून एका ओळीची परवानगी लिहून घेते की माझ्यानंतर त्यांची फाईल तिनं फक्त त्यांच्याच हातात द्यावी. दर सहा महिन्यांनी पाकीट बदलायचं आणि जुनी यादी तिच्यासमोरच श्रेडरमध्ये टाकायची.